जिभेखालची दहा मिनिटं

माझं माहेर चांदवडच्या पल्याड, डोंगराच्या पायथ्याला, वीस-पंचवीस घरांचं गाव, तिथं विहिरीला पानी नव्हतं पन माझ्या तोंडाला कधी खळ नव्हता, आई म्हनायची ह्या लताला कुनी तरी बोलकाच नवरा भेटू दे रे देवा, मुका भेटला तर बिचारा चार दिसांत पळून जाईल. आन् देवानं ऐकलं. लासलगावचं स्थळ आलं, मार्केटात हमाल, नाव लग्नपत्रिकेत वाचा, आम्ही नाव घेत नाय, तर हे बघायला आले आन् पोहे खाता खाता माझ्या बापाशी एवढं बोलले की मला काय विचारायचं तेच इसरून गेले, जाताना दारातून मागं फिरले, म्हनले, तुम्हाला कांद्यानं डोळ्यात पानी येतं का? मी म्हनलं, नाय येत. म्हनले, मंग जमलं. असं ठरलं आमचं.

लासलगाव म्हंजी काय सांगू तुम्हाला, उठल्यापासून कांदा. लिलाव झाला की ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा व्हतो, खळं म्हंजी ती मोठी पत्र्याची शेड, तिथं आम्ही बाया बसून कांदा निवडतो, मोठा, मधला, गोल्टी, आन् गडी मानसं गोन्या भरून ट्रकमंदी थप्पी लावतात. पन्नास किलोची गोनी, पाठीवर घ्यायची आन् फळीवरून वर चढायचं. हे चढताना पन बोलायचे. एकेका गोनीला नाव ठेवायचे, ही मावशी, ही आत्या, ही लय रुसलेली दिसती, जरा हळू घ्या रे हिला. आम्ही बाया खाली हसून लोटपोट. मला लय बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू, सगळ्या बाया हसायच्या आन् तो गडी माझा व्हता.

मंग कंबर गेली. पंधरा-सोळा वर्सं वझं वाहिल्यावर कुनाची जात नाय? एक दिवस फळीवरच बसले, उठता येईना. तवा एका ट्रकच्या ड्रायव्हरनं कॅप्सूल दिली, लांबून येनारी मानसं ती, दोन-दोन दिवस झोपत नाय, त्यांच्याकडं असतं असलं सगळं. ती घेतली आन् हे उठून दीडशे गोन्या चढवून आले. घरी येऊन मला म्हनले, लते, आज अंगात पंचवीस वर्साचा पोरगा शिरलाय. मी खुश. मीच म्हनलं, उद्या पन घ्या की एक. हे माझं बोलनं मी कुनाला सांगत नाय, तुम्हाला सांगते, लिहून घ्या.

एकाच्या दोन झाल्या, दोनच्या सहा. कॅप्सुलीनं भागेना तवा तेच ड्रायव्हर लोकं काळं देऊ लागले, अफू, हरभऱ्याच्या दान्याएवढी गोळी, चहाबरोबर. पुढं पुढं काम करायला ते लागायचं आन् ते नसलं की हातरुनातून उठायला पन मानूस नको म्हनायचं. पन मला कशाचं वाईट वाटलं सांगू? दारू प्यालेला नवरा शिव्या देतो, मारतो, तसं ह्यांनी कधी बोट लावलं नाय. हे नुसते गप्प झाले. घरात यायचे, भिंतीला टेकायचे, डोळे अर्धे मिटलेले. काजल, आमची पोरगी, दहावीला व्हती, ती म्हनायची, पप्पा, आज गोन्यांची काय नावं ठेवली? हे तिच्याकडं बघायचे, जनू ती कुनाच्या दुसऱ्याच बापाबद्दल इचारती.

इलाज का नाय केले? केले की. निफाडला एका वैदूनं काढा दिला, त्यानं नुसती हगवन लागली. मंग कुनी सांगितलं म्हनून एका व्यसनमुक्तीच्या ठिकानी तीन महिने कोंडून ठेवलं, बाहेरून कडी, फोन नाय, भेट नाय. अंगानं लाकूड झाले व्हते पन सुटलं व्हतं, मी पाच बायांना जेवू घातलं. आठव्या दिवशी मार्केटात गेले आन् परत तेच. तवा माझा दीर म्हनला, वहिनी, ह्या मानसाला लाजच नाय, तुमी कशाला जीव जाळता. मी त्याला ताटावरून उठवला नाय एवढंच.

माझी बहीन सुनीता नाशकात ऱ्हाती, इंदिरानगरला दोन-तीन घरी सैपाक करती. तिच्या एका घरच्या म्हातारबाई नर्स व्हत्या, रिटायर झालेल्या. सुनीतानं पोळ्या लाटता लाटता त्यांच्यापुढं रडून घेतलं, त्या म्हनल्या, अगं वेडे, ह्याच्यावर औषध असतं, कोंडायची काय गरज, सरकारी दवाखान्यात ह्याची वेगळी ओपीडी असते, घेऊन ये म्हनावं, फुकट हाय. सुनीताचा फोन आला तवा माझ्या हातात कांदा व्हता, तो तसाच घेऊन मी घरी आले.

सकाळची एसटी धरली. दवाखान्यात मागच्या बाजूला खोली, बाहेर बाक, बाकावर सगळी आपल्यासारखीच मानसं, एक रिक्षावाला, एक कॉलेजात शिकवनारा, एक तर चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला. मला वाटलं व्हतं गर्दुल्ले असतील. आत एक ताई व्हत्या, समुपदेशन करनाऱ्या, माझ्या पोरीपेक्षा पाच-सहा वर्सांनी मोठ्या असतील. त्यांनी पहिलं इचारलं, काका, शेवटचं कधी घेतलं? हे म्हनले, एसटीत बसताना. ताई म्हनल्या, मग आज औषध नाही देता येणार, ते अंगातून उतरायला लागलं की मगच ही गोळी द्यायची, आधी दिली तर उलट जास्त त्रास होतो, उद्या या, आणि मधे काही घेऊ नका. मी म्हनलं, ताई, हे उद्यापर्यंत मरतील. त्या म्हनल्या, नाही मरणार, पण जवळ बसा त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी नेलं तवा नाक गळत व्हतं, जांभयावर जांभया, अंगावर असा काटा का पीस उपटलेली कोंबडी. डॉक्टरांनी डोळे बघितले, नाडी बघितली, म्हनले, आता द्या. एवढीशी पांढरी गोळी. गिळायची नाय, चावायची नाय, जिभेखाली ठेवायची, ती आपोआप विरती, तवर पानी नाय, चहा नाय आन् बोलायचं पन नाय. दहा मिनिटं. हे बसले तोंड मिटून. तेवढ्यात रजिस्टरवाला आला, पेशंटचं नाव? ह्यांना तर बोलता येईना, हे माझ्याकडं बघतात, मी जमिनीकडं. ताई म्हनल्या, काकू, सांगा की, लाइन थांबलीय. वीस वर्सांत मी उखान्याबिगर नाव घेतलं नव्हतं, तिथं कुठला उखाना सुचतोय, डोळे मिटले आन् म्हनलं, रामनाथ. आन् तोंडाला पदर लावला. तर हे गोळी तोंडात धरून हसायला लागले, डोळ्यातून पानी, ताई ओरडतात, काका, हसू नका, गोळी गिळाल! तीन वर्सांनी माझा नवरा हसला, तो असा.

पंधरा दिवस सुनीताच्या खोलीवर काढले, कारन पहिल्यांदा रोज तिथंच, त्यांच्यासमोर गोळी घ्यायची. हे बरे व्हायला लागले आन् बोलायला लागले, सुनीताच्या नवऱ्याला झोपू देईनात. मला म्हनायचे, लते, नशा नाय येत हिनं, नुसतं अंग मागत नाय, डोकं रिकामं झाल्यावानी वाटतं, आता ह्यात काय भरू? पुढं रोजच्याचं आठवड्यावर आलं, गोळ्या माझ्या ताब्यात द्यायला लागले. हे परत मार्केटात जाऊ लागले, पन वझं नाय, काट्यावर वजन बघायचं काम त्यांच्या मुकादमानं दिलं. सकाळी मी गोळी द्यायची, हे तोंड मिटून वट्ट्यावर बसायचे, आन् मी दहा मिनिटं बोलून घ्यायची, कारन एवढीच दहा मिनिटं मला आडवायला कुनी नाय.

असं दीड वर्स गेलं. सोन्यासारखं गेलं. आन् मंग माझी बुद्धी फिरली.

काजल आता कामाला लागली व्हती, तिला स्थळ आलं. निफाडचं, पोरगा द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर, मानसं भली. अक्षय तृतीयेनंतर साखरपुडा करू असं चाललं व्हतं. त्यात दीर घरी आला, गोळीचं पाकीट त्यानं पाहिलं, म्हनला, वहिनी, एक सोडलं आन् दुसरं धरलं, फरक काय पडला? आधी ड्रायव्हर द्यायचे, आता सरकार देतं. उद्या पाव्हन्यांनी इचारलं तुमचे मालक काय खातात तर काय सांगनार? ते बोलनं माझ्या काळजात रुतलं. मला वाटलं, खरंच, खोटं बोलून पोरगी द्यायची का? त्यापरीस गोळीच बंद करू, मंग खरं खरं सांगता येईल, काही खात नाय म्हनून. कुनाला इचारलं नाय. ताईंना इचारलं नाय. चैत्राची जत्रा व्हती, ह्यांना घेऊन सप्तशृंगीच्या गडावर गेले.

पायऱ्या चढून दर्शन झालं आन् मी म्हनलं, आईपुढं हात ठेवा आन् शपथ घ्या, आजपासून कुठलीच गोळी तोंडात घालनार नाय. हे म्हनले, ताईंना इचारलं का तू? मी म्हनलं, आईसाहेबापुढं ताई काय करनार? हे म्हनले, लते, मला भ्या वाटतं. असं म्हनले, माझ्या कानानं ऐकलंय. आन् मी म्हनलं, पोरीसाठी पन नाय का? मंग त्यांनी हात ठेवला. मार्केटात ह्यांचा शब्द म्हंजी काट्यावरचं वजन, दिला की दिला. ते मला ठाऊक व्हतं म्हनून तर मी शपथ घातली.

दहा-अकरा दिवस पाळली त्यांनी. कशी पाळली ते मी बघितलंय, पाय झाडत बसायचे, घाम, जेवन नाय, आन् वर मला म्हनायचे, जमतंय, जमतंय. ज्या दिवशी पाव्हने याद्या करायला येनार व्हते त्याच दुपारी ह्यांच्या टोळीतले दशरथभाऊ पळत आले, वहिनी, खळ्यावर चला. रिकाम्या बारदानाच्या ढिगामागं पडलेले, व्हट निळे, श्वास असा की एक घेतला आन् दुसरा येतो का नाय. कुनाकडून तरी काळं घेतलेलं, आन् पूर्वी जेवढं घ्यायचे तेवढंच घेतलं, ते अंगाला आता झेपत नव्हतं. एवढ्या वर्सांत असं कधी झालं नव्हतं, ते माझ्या शपथेनं झालं. टेम्पोत घालून निफाडला नेलं, सगळ्या वाटेनं दशरथभाऊ त्यांच्या गालावर मारतात, आन् मी त्यांचं नाव घेऊन हाका मारते, रामनाथ, अहो रामनाथ, अख्खा रस्ता, आता कसली लाज.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं तवा डोळे उघडले. मला बघितलं आन् लेकरासारखे रडले. म्हनले, लते, शपथ मी नाय मोडली गं, अंगानं मोडली. काय सांगू तुम्हाला, त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी सोडलं तसे तडक नाशिकला गेलो. मला वाटलं ताई फाडून खातील. त्यांनी पानी दिलं. मी सगळं सांगितलं, गड, शपथ, पाव्हने. त्या म्हनल्या, काकू, गोळी कधी थांबवायची ते लग्नाच्या तारखेवर ठरत नाही, ते डॉक्टर ठरवतील, हळूहळू, कदाचित वर्षानं, कदाचित आणखी पुढं, आणि घेत राहिले तरी काही बिघडत नाही, बीपीची गोळी नाही का लोक घेत? ह्यांची गोळी परत सुरू झाली, मी मान हलवली, पन खरं सांगते, तवा मला पटलं नव्हतं. मनात दिराचंच बोलनं व्हतं, फरक काय पडला.

पटलं ते कांद्याच्या वावरात. उन्हाळी कांदा काढायचे दिवस, मी रोजानं गेले व्हते. उन्हाळी कांदा उपटला की लगेच कापत नाय, त्याच्याच पातीखाली झाकून वावरात सुकवत ठेवतात, मान पार वाळली की मंग पात कापायची आन् चाळीत, म्हंजी हवा खेळती ऱ्हाती त्या साठवनीच्या शेडमंदी, भरायचा. त्या वावरवाल्याची सून नवी, तिला घाई, व्यापारी येनार म्हनून ती पात कापायला बसली. मी तिला म्हनलं, ए पोरी, मान ओली हाय अजून, नको कापू, वरून चांगला दिसंल पन चाळीत आतून सडंल. म्हनलं आन् माझा हात तिथंच थांबला. तिथंच बांधावर बसले आन् ढसाढसा रडले. ती सून घाबरली, मावशी, मी नाय कापत, मी नाय कापत. तिला काय म्हायती. एवढी वर्सं कांद्यात गेली, कांद्याचं कळलं आन् घरच्या मानसाचं नाय कळलं.

मंग मी एकटीच परत गडावर गेले. आईपुढं डोकं ठेवलं आन् म्हनलं, ती शपथ ह्यांची नव्हती, माझी व्हती, काय दंड करायचा तो मला कर, त्यांना मोकळं सोड. तवापासून मी गोड खात नाय. आईनं सांगितलं नाय तसं, माझं मीच ठरवलं.

पाव्हन्यांचं ऱ्हायलंच. आम्ही कळवलं व्हतं, मालक आजारी हायेत, याद्या पुढं ढकलू. आता पुढं काय सांगायचं ह्यावर मी आन् हे रोज भांडत व्हतो, हे म्हनायचे मी सांगतो, मी म्हनायची मी. एक दिवस काजल कामावरून आली, चप्पल काढता काढता म्हनली, मी सांगितलं. काय सांगितलं? सगळं. अफू पन, गोळी पन, गड पन. त्यांच्या आईलाच सांगितलं, आईला कळतं. आम्ही दोघं भिंतीला टेकलो. दोन दिवस फोन नाय. तिसऱ्या दिवशी विहीनबाईंचा आला, मी पदराला हात पुसून उचलला. त्यांनी एकच इचारलं, गोळ्या आनायला नाशकाला कुठल्या वारी जाता? मी म्हनलं, मंगळवारी. त्या म्हनल्या, मंग लग्न मंगळवारी नको, दुसरा वार बघू. आन् फोन ठेवला. त्यांच्याकडचा एक चुलता अजून आमच्या दारात येत नाय, लग्नाला पन नव्हता. नसंना का.

लग्न मार्गशीर्षात झालं. आन् तिथं बायांनी मला धरलं, पोरीच्या आईनं नाव घ्यायचं. त्या बायांत माझी जाऊ व्हती, दीर बाजूला उभा, आन् त्याला वाटत व्हतं ही आता ते चांदीच्या ताटाचं जुनंच काय तरी म्हनंल. मी ह्यांच्याकडं बघितलं. नवा शर्ट, टोपी, विहिनीच्या भावाला पकडून काय तरी सांगतायत, हात वारे करतायत, तो हसतोय. मंग मी मोठ्यानं म्हनलं,

कांदा वाळतो पातीखाली, घाई नाय बरी,
गोळी विरते जिभेखाली, रामनाथराव हायेत घरी.

निम्म्या बायांना कळलं नाय, त्या उगाच हसल्या. जाऊ खाली बघायला लागली. विहीनबाईंना कळलं, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आन् ह्यांना कळलं. बोलता बोलता थांबले, एवढ्या मानसांत, गोळी तोंडात नसताना गप्प झाले, आन् डोळे पुसले.

आता काजल निफाडला सुखात हाय. ह्यांची गोळी डॉक्टरांनी थोडी कमी केलीय, पुढचं ते बघतील, मी वार, तारीख, सन काही ठरवत नाय. घरी दोघंच आसतो. सकाळी गोळी देते, हे वट्ट्यावर तोंड मिटून बसतात, मी समोर कांदा-लसून घेऊन बसते आन् दहा मिनिटं मनातलं सगळं सांगून टाकते, कधी भांडून पन घेते. दहा मिनिटं झाली की हे आधी पानी पितात आन् मंग पहिला शब्द काय म्हनतात सांगू? म्हनतात, झालं का तुझं? आता माझं ऐक. आन् सुरू. चहा गार व्हतो पन हे थांबत नाय. मी म्हनते, बोला बाबा, बोला, तुम्ही गप्प व्हते तवाचं घर मी बघितलंय.

तुम्ही एवढ्या लांबून आले, माझं ऐकून घेतलं, तुम्हाला मी काय देनार? एवढंच म्हनते, तुमच्या घरातली सगळी तोंडं बोलती ऱ्हाऊ देत.